सापडला तो चोर?

आजचा विषय वैद्यकाचा आहे, आणि तो मांडणारा मात्र वैद्य नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय. कारण म्हणजे काय, कार्य म्हणजे काय, आणि एक गोष्ट दुसरीला कारण झाली असे छातीठोकपणे केव्हा म्हणता येते, हे मुलांना सांगायचे तर धूर आणि अग्नी हे जुने उदाहरण आहेच. पण तेवढ्याने मुलांचे समाधान होत नाही. 'सर, हे आजच्या जगात कुठं लागतं?' असे ती विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. म्हणून मी अलीकडे त्यांना एका खटल्याची हकीकत सांगतो. हा खटला कोर्टातला नाही, प्रयोगशाळेतला आहे. आरोपी आहे माणसाच्या कातडीवर राहणारा एक विषाणू, आणि आरोप आहे त्वचेच्या कॅन्सरचा. पन्नास वर्षे होऊन गेली तरी त्याचा पुरता निकाल लागलेला नाही. पण तो चालवताना शास्त्रज्ञांनी पुरावा कसा गोळा केला, कसा पारखला आणि हाती आलेला पुरावासुद्धा कसा बाजूला ठेवला, हे सर्वांनी ऐकण्यासारखे आहे.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. चामखीळ आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मानेवर, काखेत लोंबणाऱ्या मऊ बोंडालाही आपण चामखीळच म्हणतो, ते वेगळे. मी म्हणतो आहे ती बोटांवर, गुडघ्यावर, तळपायावर उगवणारी टणक, खरबरीत चामखीळ. तिच्यावर आपल्याकडे घरगुती उपाय पुष्कळ. कोणी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतो, कोणी चुना लावतो. आणि गंमत अशी की कित्येकदा चामखीळ खरोखरच जाते! शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली म्हणजे ती आपली आपणच जाते, पण श्रेय मिळते घोड्याला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे हे. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले आहे. हा कावळा आपण जरा लक्षात ठेवू, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

चामखीळ होते कशाने? १९०७ साली इटलीतील च्युफो नावाच्या डॉक्टरांनी चामखीळ वाटून तिचा अर्क काढला आणि तो इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही पेशी किंवा जंतू त्यातून पार जाऊ नये. तरीही त्या गाळलेल्या अर्काने नवी चामखीळ उगवली. म्हणजे कारण होणारी वस्तू जंतूहूनही सूक्ष्म होती. आज तिला आपण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एच.पी.व्ही. म्हणतो. हा विषाणू किती लहान? एका मिलिमीटरच्या अंतरात सुमारे अठरा हजार ओळीने उभे राहतील एवढा. त्याच्याजवळचा मजकूरही बेताचाच. डी.एन.ए.ची एक गोल साखळी आणि तिच्यात सुमारे आठ हजार अक्षरे. मासिकाच्या चार-पाच पानांत मावेल एवढी ही त्याची सगळी पोथी.

मात्र हा एक विषाणू नाही, ते एक मोठे घराणे आहे. आजवर त्याचे दोनशेहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. या घराण्याच्या शाखा निरनिराळ्या ठिकाणी नांदतात. काहींचे बिऱ्हाड हातापायांच्या कातडीत. त्यांच्यामुळे चामखिळी होतात. काहींचे जननेंद्रियांच्या आणि घशाच्या ओल्या अस्तरात. आणि एक तिसरी शाखा आहे, ती साऱ्या अंगाच्या कातडीवर, विशेषतः केसांच्या मुळांशी, गुपचूप राहते. ना चामखीळ, ना खाज, ना डाग. आपला आरोपी आहे तो या तिसऱ्या शाखेतला.

कोणी म्हणेल, अशा गरीब प्राण्यावर संशय घ्यायचे कारणच काय? कारण होते, आणि ते सबळ होते.

पहिले कारण म्हणजे घराण्याची ख्याती. १९३३ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या अंगावर शिंगांसारख्या वाढणाऱ्या चामखिळी तपासल्या आणि त्या विषाणूमुळे होतात असे दाखवले. दोनच वर्षांनी पेटन राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की पाळीव सशांत याच चामखिळींचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होते. त्यानंतर १९८३ आणि १९८४ साली जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एच.पी.व्ही.चे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. तो आरोप पुढे पूर्णपणे सिद्ध झाला आणि २००८ साली त्सुर हाउसेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे कारण याहून जवळचे होते. १९२२ साली स्वित्झर्लंडमधील लेवांडोव्स्की आणि लुट्झ या डॉक्टरांनी एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाचे वर्णन केले. या रोगात लहानपणापासून अंगभर चपट्या चामखिळी आणि चट्टे येतात, आणि तरुणपण ओसरू लागता लागता पुष्कळ रोग्यांना त्वचेचा कॅन्सर होतो. तोही उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर, म्हणजे कपाळावर, चेहऱ्यावर, हातांवर. सत्तरीच्या दशकात वॉर्सा येथील स्टेफानिया याब्लोन्स्का आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील गेरार ऑर्थ यांनी या रोग्यांच्या कातडीत एच.पी.व्ही.चे खास प्रकार शोधले. या रोग्यांच्या कॅन्सरपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत पाच किंवा आठ क्रमांकाचा विषाणू सापडतो, आणि तोही भरपूर.

तिसरे कारण मूत्रपिंड रोपण केलेल्या रोग्यांचे. परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून या रोग्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. युरोपातल्या गोऱ्या रोग्यांत असे दिसले की त्यांना चामखिळी फार येतात, आणि त्वचेचा एक विशिष्ट कॅन्सर इतरांच्या मानाने पन्नास-साठ पटींहूनही अधिक होतो. या कॅन्सरला मी शल्कपेशींचा कॅन्सर म्हणेन. कातडीच्या वरच्या, खवल्यासारख्या चपट्या पेशींपासून तो होतो. प्रतिकारशक्ती दुबळी झाली की विषाणू माजतात, हे आपण जाणतोच. तेव्हा संशय घ्यायला जागा होती की नव्हती, तुम्हीच सांगा!

आता संशयितांचे घर झडले पाहिजे, म्हणजे त्वचेच्या गाठींत विषाणू आहे का हे पाहिले पाहिजे. पूर्वी हे काम अवघड होते. १९८० नंतरच्या दशकात पी.सी.आर. नावाची युक्ती निघाली. २०२०च्या करोनाच्या साथीत नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्याची हीच तपासणी होत होती, त्यामुळे तिचे नाव आता घरोघरी माहीत आहे. या युक्तीत डी.एन.ए.च्या हव्या त्या तुकड्याची एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ अशी नक्कल करीत जातात. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे एकशे सात कोटी होतात. म्हणजे गवताच्या गंजीत एक सुई असेल तर ही युक्ती सुईचीच गंज करून दाखवते.

या युक्तीने त्वचेच्या गाठी तपासल्या आणि काय आश्चर्य! गाठीमागून गाठीत एच.पी.व्ही. सापडू लागला. शल्कपेशींच्या कॅन्सरमध्ये सापडला, तळपेशींच्या कॅन्सरमध्ये सापडला, उन्हाने येणाऱ्या खरबरीत चट्ट्यांत सापडला. तर्कशास्त्रात आम्ही ज्याला अन्वय म्हणतो, म्हणजे 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी', तो जणू हाती लागला. चोर सापडला असे वाटावे अशीच ही वेळ होती.

पण अन्वय ही अर्धीच परीक्षा आहे. दुसरी अर्धी व्यतिरेकाची, 'जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही'. गाठीत विषाणू आहे हे ठीक. पण जिथे गाठ नाही तिथे तो नाही ना? हे पाहायचे तर निरोगी कातडी तपासायला हवी. ज्यांना काही झालेले नाही अशा माणसांना तपासायचे कोणाला सुचत नाही. पण काही संशोधकांना सुचले.

१९९७ साली नेदरलँडमधील संशोधकांनी माणसांच्या अंगावरचे केस मुळासकट उपटून तपासले. मूत्रपिंड रोपण झालेल्यांच्या केसांत विषाणू होता, हे अपेक्षितच होते. पण अगदी धडधाकट माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या केसांतही तो निघाला! पुढे स्वीडनमधील संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील निरोगी माणसांच्या कातडीवरचे नमुने तपासले आणि २००३ साली आकडे प्रसिद्ध केले. स्वीडनमध्ये शंभरातल्या सत्तर लोकांच्या कातडीवर विषाणू होता, आपल्या शेजारच्या बांगलादेशात अडुसष्टांच्या, जपानमध्ये चोपन्नांच्या, इथिओपियात बावन्नांच्या आणि झांबियात बेचाळीसांच्या. तान्ही मुले तपासली तर त्यांच्याही अंगावर तो होता. घरातल्या माणसांच्या स्पर्शाने तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच येत असावा.

म्हणजे झाले काय? ज्याला आपण चोर म्हणून धरले तो साऱ्या गावातच राहणारा निघाला. ज्या घरी चोरी झाली तिथेही तो होता, आणि जिथे झाली नाही तिथेही होता. चोरीच्या घरात त्याच्या पावलांचे ठसे मिळाले खरे, पण ते त्या घरात कधी नव्हते?

इथे खटला पुराव्याअभावी काढून टाकता आला असता. पण संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि मला तो फार आवडतो. विषाणू गाठीवर सापडला की गाठीत? कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तिथे बाहेरून येऊन बसलेले काहीही मिळू शकते. गाठीचा तुकडा कापून तपासायला दिला की त्याच्याबरोबर हा वरचा थरही जातो. धान्यात कीड आहे की पोत्यावर धूळ आहे, हे पोते सबंध दळून कसे कळणार?

स्वीडनमध्ये माल्मो येथील ओला फोर्सलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेला उपाय इतका साधा आहे की ऐकून हसू येईल. त्यांनी चिकटपट्टी वापरली! होय, पुस्तकाचे फाटलेले पान जोडायला आपण वापरतो तसलीच चिकट पट्टी. दोनशे एकोणतीस रोग्यांच्या त्वचेच्या गाठी त्यांनी घेतल्या. प्रत्येक गाठीचा माथा आधी ओल्या कापसाने पुसून तो कापूस वेगळा ठेवला. मग गाठीवर चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून ओढली आणि वरचा मृत थर काढून टाकला. त्यानंतर आतल्या गाठीचा तुकडा घेतला, आणि कापूस व तुकडा दोन्ही वेगवेगळे तपासले.

२००४ साली निकाल प्रसिद्ध झाला. वरच्या कापसात विषाणू मिळाला दोनशे एकोणतीसपैकी एकशे एकोणसाठ वेळा, म्हणजे शंभरी एकोणसत्तर. आतल्या तुकड्यात मिळाला फक्त अठ्ठावीस वेळा, म्हणजे शंभरी बारा. विषाणू बव्हंशी गाठीच्या डोक्यावर बसलेला होता, पोटात नव्हता. पूर्वी ज्या शोधांनी 'गाठीत विषाणू सापडला' असे म्हटले होते, त्यांतल्या पुष्कळांचा अर्थ 'गाठीवर सापडला' एवढाच असू शकतो, हे एका चिकटपट्टीने दाखवून दिले.

याच कोष्टकात आणखी एक बारकावा आहे, तो नजरेआड करून चालणार नाही. वयाप्रमाणे येणारे काळसर, निरुपद्रवी उंचवटे आणि तळपेशींचे कॅन्सर यांच्या आत विषाणू मिळाला तो दहांत एकापेक्षाही कमी वेळा. पण उन्हाने आलेले खरबरीत चट्टे आणि शल्कपेशींचे कॅन्सर यांच्या आत तो पाचांत एक वेळा मिळाला. म्हणजे एका आरोपातून जवळजवळ सुटका झाली, तरी दुसऱ्या आरोपाची धुगधुगी राहिली.

तेव्हा पुढची पायरी आली, मोजण्याची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये विषाणूचे जनुक सामान्यतः पेशीपेशीत असतात; त्यांच्या हुकमानेच तो कॅन्सर वाढतो. त्वचेच्या कॅन्सरमध्ये मोजदाद केली, तर पुष्कळ पेशींमागे एखादा विषाणू असा हिशेब निघाला. शिवाय २००५ साली असे दिसले की कॅन्सर होण्यापूर्वीच्या उन्हाच्या चट्ट्यांत विषाणू जास्त असतो आणि प्रत्यक्ष कॅन्सरमध्ये कमी. कॅन्सर चालवणारा हा असेल, तर कॅन्सर वाढताना हा कमी कसा होतो?

पुढे २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी आणखी खोलात जाऊन पाहिले. घरात पाकशास्त्राचे पुस्तक असणे निराळे आणि चुलीवर त्यातला पदार्थ शिजत असणे निराळे. डी.एन.ए. म्हणजे पुस्तक. पेशी त्यातला मजकूर वाचू लागते तेव्हा आर.एन.ए. तयार होतो, तो म्हणजे पेटलेली चूल. शल्कपेशींच्या कॅन्सरमधला सारा आर.एन.ए. त्यांनी वाचून काढला. त्यात एच.पी.व्ही.ची चूल पेटलेली आढळली नाही.

आता या खटल्यातली दुसरी बाजू पाहू. त्वचेच्या कॅन्सरची जागा हा स्वतःच एक साक्षीदार असतो. गोऱ्या लोकांत तो नाकावर, कानांवर, हातांच्या पाठीवर, म्हणजे उन्हात होतो. सावळ्या कातडीला तिच्या रंगाचेच छत्र असते, म्हणून आपल्या देशात त्वचेचा कॅन्सर त्या मानाने पुष्कळ कमी. जो होतो त्यातला बराचसा जुन्या भाजल्याच्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत उद्भवतो. काश्मिरात थंडीच्या दिवसांत निखाऱ्यांची कांगडी अंगाशी धरून बसतात, तिथे तो पोटावर आणि मांड्यांवर होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरचे वर्णन केले. वर्षानुवर्षे धोतर जिथे कमरेला करकचून आवळले जाते, तिथेच तो होत असे. ऊन, जाळ, घासणे. प्रत्येक वेळी जागेनेच कारणाकडे बोट दाखवले.

आता विचार करा. विषाणू आहे साऱ्या अंगावर आणि कॅन्सर होतो नेमक्या जागी. जे सर्वत्र आहे ते एकट्याने 'इथेच का?' या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. विषाणू गाठीजवळ सापडणे आणि गाठ होणे यांचा संबंध पुष्कळदा त्या फांदीवरच्या कावळ्यासारखाच असला पाहिजे.

मग आरोपी निर्दोष सुटला का? थांबा. पूर्ण सुटका करणेही उतावळेपणाचे होईल.

एक शक्यता अशी मांडली गेली आहे, की विषाणू आग लावून पळून जाणारा असावा. उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशीच्या डी.एन.ए.ला इजा झाली, की ती पेशी एकतर दुरुस्ती करते, नाहीतर आपण होऊन मरते. शरीराच्या दृष्टीने ते शहाणपणाचे मरण असते. विषाणूच्या काही प्रथिनांमुळे अशी बिघडलेली पेशी मरायची ती जिवंत राहते. मग तिच्यात बिघाडावर बिघाड साचतात आणि कॅन्सर सुरू होतो; त्यानंतर विषाणूची गरजच उरत नाही. २०१८ साली उंदरांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध झाला. अडतीस क्रमांकाच्या विषाणूचे दोन जनुक उंदरांच्या कातडीत घातले होते. अतिनील किरणांनी त्यांना कॅन्सर झाला, आणि नंतर ते जनुक काढून घेतले तरी गाठी वाढतच राहिल्या. म्हणजे आग लावून पळणे शक्य आहे, एवढे उंदरांत तरी दिसले. माणसात तसेच घडते हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

पण लगेच पुढच्या वर्षी, २०१९ साली, बोस्टनमधील संशोधकांनी उलटे चित्र दाखवले. उंदरांच्या कातडीवर राहणाऱ्या पॅपिलोमा विषाणूविरुद्ध ज्या उंदरांची प्रतिकारशक्ती तयार झाली होती, त्यांना त्वचेच्या कॅन्सरपासून संरक्षण मिळाले. विषाणूला ओळखणाऱ्या रक्षक पेशी कातडीत गस्त घालीत राहतात, आणि बिघडू लागलेल्या पेशीत तो दिसला की ती पेशीच गारद करतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. काय आहे पाहा! ज्याला आपण चोर म्हणत होतो, त्याच्यामुळे गावात पहारा राहिला, असे म्हणायची वेळ आली. रोपण केलेल्या रोग्यांना कॅन्सर फार का होतो याचेही एक उत्तर यात आहे. विषाणू माजला यापेक्षा पहारा उठला, हे कदाचित अधिक खरे असेल.

आणि पहारा मुळातच नसेल तर? २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉक्टरांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या रक्षक पेशींत जन्मजात दोष होता आणि कपाळावरचा त्वचेचा कॅन्सर काढला तरी पुन्हा पुन्हा उद्भवत होता. तपासणीत दिसले, की एकोणीस क्रमांकाच्या विषाणूचा डी.एन.ए. थेट कॅन्सरपेशींच्या डी.एन.ए.त जाऊन बसला आहे, आणि तिथे त्याची चूल खरोखर पेटलेली आहे. मूलपेशींचे रोपण करून तिला नवी प्रतिकारशक्ती दिली, तेव्हा कॅन्सर आणि चामखिळी दोन्ही गेल्या. एका रोग्यावरून सर्वांविषयी नियम करता येत नाही. पण इथे विषाणू नुसता हजर नव्हता. त्याच्या हातात हत्यार होते आणि ते चालू होते. पुरावा म्हणतात तो याला!

आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचा निवाडाही असाच सावध आहे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत सोळा आणि अठरा क्रमांक निश्चित अपराधी ठरले आहेत. पाच आणि आठ क्रमांकांना 'कदाचित कारण' या वर्गात घातले आहे, आणि तेही मघाशी सांगितलेल्या आनुवंशिक रोगाच्या रोग्यांपुरते. एकाच घराण्यातली ही माणसे, पण न्याय ज्याचा त्याला वेगळा.

श्रोतेहो, या खटल्याचा तुम्हाआम्हाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी घरातला आहे. तपासणीच्या कागदावर 'एच.पी.व्ही.' ही अक्षरे दिसली की माणसाच्या पोटात गोळा येतो. त्यातून हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो एवढेच अर्धवट कानावर आलेले असते. मग बोटावरच्या साध्या चामखिळीवरून नवरा बायकोकडे आणि बायको नवऱ्याकडे संशयाने पाहू लागते. असे घडू नये. हातापायांच्या चामखिळीचे प्रकार वेगळे. ते साध्या स्पर्शाने, ओल्या जमिनीवरून, दुसऱ्याच्या टॉवेलवरूनही येतात. आणि निरोगी कातडीवरचे प्रकार तर आईने बाळाला जवळ घेतले तेव्हाच आलेले असतात. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा अडाणीपणा आहे, आणि त्याची किंमत संसाराला मोजावी लागते.

पण याचा उलट अर्थही काढू नका. 'विषाणू सर्वांनाच असतो, तपासणी कशाला' असे म्हणून एखादी स्त्री गर्भाशयमुखाची तपासणी टाळील, तर तो तिच्या जिवाशी खेळ होईल. तिथे सोळा-अठरासारखा विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहणे हा खरा इशारा आहे, आणि वेळीच कळले तर कॅन्सर होण्याआधीच उपाय करता येतो. तिथे लसही उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लस २०२२ साली जाहीर झाली. ती मुलींना लहान वयातच देणे चांगले. निरोगी कातडीवरच्या प्रकारांविरुद्ध मात्र ही लस नाही. तिथे आपली भिस्त अजून जुन्याच गोष्टींवर आहे. ज्यांचे मूत्रपिंड रोपण झाले आहे त्यांनी कडक उन्हापासून कातडी झाकावी आणि ती डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासून घ्यावी. इतरांनीही, महिना-दीड महिना होऊनही न भरणारा व्रण, जुन्या भाजल्याच्या डागात उठलेली गाठ, वाढणारा किंवा रक्त येणारा चट्टा दिसला, तर घोड्याच्या केसाच्या नादी न लागता थेट दवाखाना गाठावा. अशी गाठ कशामुळे झाली हा वाद शास्त्रज्ञ घालत राहतील. ती वेळेवर काढली तर बहुतेक वेळा माणूस बरा होतो, याबद्दल मात्र वाद नाही.

सांगायचा मुद्दा एवढाच. एखादी वस्तू सापडली, यावरून तीच कारण असे ठरत नाही. ती निरोगी जागीही सापडते का, वर आहे की आत, किती आहे, काही करते आहे की नुसती बसली आहे, आणि ती काढली तर रोग जातो का, हे पाच प्रश्न विचारल्यावाचून निकाल देऊ नये. कॅन्सरचे कारण पुष्कळदा एकच एक नसतेही. ऊन, दुबळा झालेला पहारा आणि कधी कधी विषाणू, अशी दोघातिघांची संगत जमावी लागते. संशोधकांनी हे पाच प्रश्न एका विषाणूच्या बाबतीत पन्नास वर्षे धीराने विचारले. आपल्या हाती एखाद्याचा तपासणीचा कागद आला, तर त्याच्याविषयी मत बनवण्यापूर्वी आपणही निदान डॉक्टरांना विचारण्यापुरता धीर धरावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.